शेअर वर जाईल की खाली, हे न सांगता: अस्थिर बँक शेअरवरचा आयर्न कॉन्डोर

१० मार्च २०२५, सोमवार. बाजार बंद झाल्यावर इंडसइंड बँकेने शेअर बाजारांना कळवलं की डेरिव्हेटिव्ह व्यवहारांच्या हिशेबात तफावत आढळली आहे आणि तिचा फटका डिसेंबर २०२४ च्या नेटवर्थच्या, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या भांडवलाच्या, सुमारे २.३५ टक्के इतका असू शकतो. त्या दिवशी शेअर ९०० रुपयांच्या आसपास बंद झाला होता. मंगळवारी तो ६५६ च्या जवळ बंद झाला. एका दिवसात २७ टक्के खाली.

ज्यांच्याकडे शेअर होते त्यांचं नुकसान सगळ्यांना दिसलं. पण अशा दिवशी आणखी एक गट होरपळतो, त्याची चर्चा कमी होते. हा गट म्हणतो, ‘शेअर वर जाईल की खाली ते मला माहीत नाही, पण महिनाभर तो एका पट्ट्यात राहील.’ या अंदाजावर ते ऑप्शन विकतात. याला न्यूट्रल स्ट्रॅटेजी म्हणतात. ती कशी चालते, बँकेच्या शेअरवर ती इतकी मोहात का पाडते आणि करायचीच असेल तर कोणत्या रूपात करावी, हे नीट समजून घेऊ.

आधी अगदी थोडक्यात पाया. कॉल ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाला, म्हणजे स्ट्राइकला, शेअर घेण्याचा हक्क. पुट म्हणजे ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क. हक्क घेणारा प्रीमियम देतो, विकणारा प्रीमियम घेतो आणि जबाबदारी अंगावर घेतो. विकणाऱ्याची भूमिका विमा कंपनीसारखी आहे: बहुतेक महिन्यांत काही घडत नाही आणि हप्ता खिशात राहतो, घडलं की भरपाई द्यावी लागते. आपल्याकडे शेअरवरचे ऑप्शन मासिक असतात आणि हक्क फक्त एक्स्पायरीलाच, म्हणजे मुदत संपण्याच्या दिवशीच, बजावता येतो. एनएसईवर सप्टेंबर २०२५ पासून ही एक्स्पायरी महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी असते. त्याआधी शेवटचा गुरुवार असायचा.

न्यूट्रल म्हणजे मत नसणं नव्हे

इथे सगळ्यात मोठा गैरसमज आहे. ‘न्यूट्रल’ ऐकून वाटतं की आपण काहीच बाजू घेतलेली नाही, म्हणजे धोका कमी. प्रत्यक्षात तुम्ही ठाम बाजू घेतलेली असते, फक्त ती दिशेबद्दल नसते. शेअर किती हलेल, याबद्दल ती असते. बाजाराने जेवढी हालचाल प्रीमियममध्ये धरली आहे, त्यापेक्षा कमी हालचाल होईल, असं तुम्ही पैसे लावून सांगत असता.

बाजाराने किती हालचाल धरली आहे, ते इम्प्लाइड व्होलॅटिलिटीवरून कळतं. तिला सगळे आयव्हीच म्हणतात. समजा एका बँकेचा शेअर ९०० ला आहे आणि आयव्ही ३५ टक्के आहे. ही वार्षिक संख्या. महिन्याची काढायची तर तिला १२ च्या वर्गमुळाने, म्हणजे जवळपास ३.४६ ने भागायचं. उत्तर येतं साधारण १० टक्के, म्हणजे ९० रुपये. बाजार सांगतो आहे की महिन्याभरात हा शेअर ८१० ते ९९० मध्ये राहण्याची शक्यता ढोबळमानाने दोन-तृतीयांश आहे. उरलेल्या एक-तृतीयांशात तो बाहेर पडू शकतो.

हा ९० चा आकडा काढल्याशिवाय स्ट्राइक निवडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चार्टवर रेघा मारून ‘सपोर्ट’ आणि ‘रेझिस्टन्स’ शोधणाऱ्यांनीही आधी हा आकडा बघावा. ९६० हा स्ट्राइक डोळ्यांना लांब वाटतो, पण तो या शेअरच्या एका महिन्याच्या नेहमीच्या चालीच्या आतच आहे.

आकड्यांत बघू

तोच शेअर, ९०० ला. एका लॉटमध्ये, म्हणजे सौद्याच्या एका ठरलेल्या गठ्ठ्यात, ५०० शेअर आहेत असं धरू. एक्स्पायरीला महिना आहे. ९६० चा कॉल १४ रुपयांना आणि ८४० चा पुट १३ रुपयांना मिळतो आहे. दोन्ही विकले तर २७ रुपये हातात येतात, लॉटमागे १३,५०० रुपये. याला शॉर्ट स्ट्रँगल म्हणतात. शेअर ८४० आणि ९६० च्या मध्ये बंद झाला तर सगळे १३,५०० तुमचे. मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडे ठेवायची तारण रक्कम, लाखाच्या घरात लागतं, म्हणजे महिन्याला तेरा टक्क्यांच्या आसपास. समाजमाध्यमांवर ‘दर महिन्याला नियमित उत्पन्न’ म्हणून जे विकलं जातं, ते बहुतेक वेळा हेच असतं.

आता त्याच जोडीला दोन पाय जोडू. १००० चा कॉल ७ रुपयांना घ्यायचा आणि ८०० चा पुट ६ रुपयांना घ्यायचा. खर्च १३ रुपये. हातात उरतात १४ रुपये, लॉटमागे ७,००० रुपये. झाला आयर्न कॉन्डोर. बाहेरच्या या दोन ऑप्शनना बाजारात ‘विंग’ किंवा सरळ ‘हेज’ म्हणतात. शेअर कितीही वर किंवा कितीही खाली गेला तरी एका बाजूचं अंतर ४० रुपयांचंच आहे. मिळालेले १४ वजा केले की जास्तीत जास्त तोटा २६ रुपये, म्हणजे १३,००० रुपये. ना-नफा-ना-तोटा भाव ८२६ आणि ९७४.

अर्धं उत्पन्न हेजमध्ये गेलं, म्हणून अनेक जण कुरकुरतात. इंडसइंडचा मार्चमधला दिवस या आकड्यांना लावून बघा. शेअर ९०० वरून ६५६ वर आला आणि एक्स्पायरीलाही तिथेच राहिला असं धरू. ८४० चा पुट १८४ रुपयांचा होतो. स्ट्रँगलवाल्याने २७ घेतले आहेत, म्हणजे शेअरमागे तोटा १५७, लॉटमागे ७८,५००. जवळपास सहा महिन्यांचा पूर्ण नफा एका घोषणेत साफ. कॉन्डोरवाल्याचा तोटा १३,००० वरच थांबतो, कारण ८०० चा पुट त्याच्याकडे आहे आणि तो १४४ रुपयांचा झालेला आहे.

‘आम्ही स्टॉपलॉस लावतो, हेज कशाला?’ हे वाक्य फार ऐकू येतं. स्टॉपलॉस म्हणजे भाव ठरलेल्या पातळीला आला की आपोआप बाहेर पडण्याची ऑर्डर. बाजार साडेतीनला बंद होतो आणि सव्वानऊला उघडतो. बातमी या मधल्या वेळात आली तर स्टॉपलॉस काहीही करत नाही. तो तुमच्या भावाला लागत नाही, जो भाव मिळेल त्याला लागतो. शिवाय ज्या शेअरवर फ्युचर्स-ऑप्शन चालतात त्यांना ठरावीक सर्किटची, म्हणजे दिवसातल्या चढ-उताराची, पक्की मर्यादा नसते. दहा टक्क्यांचा पट्टा असतो, पण तो सरकत जातो. म्हणूनच एका दिवसात २७ टक्के घसरण होऊ शकली. विकत घेऊन ठेवलेला पुट मात्र रात्रीही तुमच्या खात्यात असतो.

भाव जागचा हलला नाही, तरी तोटा

हा भाग नवख्यांना सगळ्यात जास्त चक्रावून टाकतो. सौदा केल्यावर दोन दिवसांनी शेअर ९०० वरच आहे, तरी स्क्रीनवर लाल आकडा. कारण आयव्ही वाढली आहे.

समजा बँकेबद्दल कुजबुज सुरू झाली आणि आयव्ही ३५ वरून ६० वर गेली. नेहमीच्या सूत्राने ढोबळ हिशेब केला तर ९६० चा कॉल आणि ८४० चा पुट प्रत्येकी ३६ रुपयांच्या आसपास जातात. २७ ला विकलेली जोडी ७२ ची झाली. लॉटमागे साडेबावीस हजारांचा कागदी तोटा, आणि शेअर जागचा हललेलाही नाही. मार्जिन वाढतं, ब्रोकरचा निरोप येतो आणि माणूस घाबरून सगळ्यात वाईट भावाला बाहेर पडतो. कॉन्डोरमध्ये घेतलेले ऑप्शनही महागतात, त्यामुळे १४ चा सौदा साधारण २३-२४ चा होतो. कागदी तोटा पाच हजारांच्या आसपास. त्रास होतो, पण झोप उडत नाही. शांतपणे विचार करायला वेळ मिळतो, आणि माझ्या मते हेजचा खरा मोबदला हाच आहे.

उलट बाजूने हीच आयव्ही तुमच्या मदतीला येते. तिमाही निकालाच्या आधी ती फुगते आणि निकाल लागला की एका रात्रीत बसते. त्यामुळे ‘निकालाच्या आदल्या दिवशी विकायचं, दुसऱ्या दिवशी काढायचं’ हा सौदा आकर्षक वाटतो. १६ जानेवारी २०२४ ला एचडीएफसी बँकेचा निकाल आला. देशातली सगळ्यात मोठी खासगी बँक, सगळ्यात स्थिर समजला जाणारा शेअर. दुसऱ्या दिवशी तो आठ टक्क्यांहून जास्त पडला. इतक्या मोठ्या बँकेचं हे होत असेल तर मध्यम बँकेवर निकालाच्या तोंडावर विकायला जाताना दहा वेळा विचार करावा. निकाल होऊन गेल्यावर, आयव्ही अजून थोडी चढी असताना सौदा करणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. प्रीमियम कमी मिळतो, पण माहीत असलेला मोठा प्रसंग मागे पडलेला असतो.

बँकच का वेगळी?

सिमेंट किंवा साबणाच्या कंपनीत गडबड झाली तर ती हळूहळू दिसते: विक्री घटते, नफ्याचं प्रमाण घसरतं. बँक दुसऱ्यांच्या पैशावर चालते. भांडवलाच्या कितीतरी पट कर्जं वाटलेली असतात, त्यामुळे मालमत्तेत छोटी तफावत निघाली तरी भांडवलावर मोठा ओरखडा पडतो. आणि ठेवीदारांचा विश्वास हे तिचं खरं भांडवल. तो हलला की काय होतं, हे आपण २०२० मध्ये पाहिलं. ५ मार्चच्या संध्याकाळी येस बँकेवर निर्बंध लागले, खात्यातून ५०,००० रुपयांपेक्षा जास्त काढता येईना. ६ मार्चला शेअर ५६ टक्के पडून बंद झाला.

दुसरं म्हणजे, बँकेबद्दलच्या मोठ्या बातम्या रिझर्व्ह बँकेकडून किंवा बँकेच्या स्वतःच्या खुलाशातून येतात आणि त्या बाजार बंद असताना यायची शक्यता दाट असते. काही मोठ्या बँका तर तिमाही निकाल शनिवारी लावतात.

आणि धक्का फक्त खालच्या बाजूचा नसतो. येस बँकेचंच २०१९ मधलं उदाहरण घ्या. बुडीत कर्जांच्या नोंदीत काहीच तफावत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा अहवाल आल्याचं बँकेने कळवलं आणि १४ फेब्रुवारीला शेअर जवळपास ३१ टक्के उसळला. ‘ही बँक काही वर जात नाही’ म्हणून ज्यांनी कॉल उघडे, म्हणजे हेज न घेता, विकले असतील, त्यांना त्या दिवशी काय झालं असेल ते वरच्या आकड्यांवरून काढता येईल. म्हणून दोन्ही बाजूंना हेज हवंच. पैसे वाचवायला फक्त पुटच्या बाजूला हेज घेणं ही अर्धवट काळजी आहे.

इंडसइंडच्या बाबतीत इशारा अजिबात नव्हता असंही नाही. ७ मार्च २०२५ ला बातमी आली की रिझर्व्ह बँकेने मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना तीन वर्षांऐवजी एकाच वर्षाची मुदतवाढ दिली. सोमवारी शेअर त्यावरच घसरला होता. अशा वेळी आयव्ही चढते, प्रीमियम गलेलठ्ठ दिसतात आणि ऑप्शन विकणाऱ्याला वाटतं, आता विकायची संधी आहे. कधी ती खरंच असते. पण बँकेच्या शेअरमध्ये महाग प्रीमियम दिसला की आधी विचारावं: हा इतका महाग का आहे? उत्तर निकाल, पतधोरण किंवा एखादी ठरलेली तारीख असेल तर ठीक. उत्तर सापडतच नसेल तर तो महिना सोडून द्यावा. दुसरी बँक आहे, पुढचा महिना आहे.

जिंकण्याची शक्यता आणि जिंकण्याची रक्कम

कॉन्डोरबद्दल ‘बहुतेक वेळा जिंकता’ असं सांगितलं जातं. आपल्या उदाहरणात ते तपासू. ३५ टक्के आयव्ही बरोबर आहे असं धरलं तर शेअर ८२६ आणि ९७४ च्या मध्ये राहण्याची शक्यता साठ टक्क्यांना जरा कमी. पूर्ण ७,००० मिळण्याची, म्हणजे ८४० ते ९६० मध्ये राहण्याची शक्यता साधारण निम्मी. आता जिंकलो तर १४ आणि हरलो तर २६ अशा दोनच शक्यता धरल्या, तर फक्त बरोबरीत सुटायला शंभरातून ६५ वेळा जिंकावं लागेल. प्रत्यक्षात मधले निकालही असतात, त्यामुळे हिशेब इतका कडक नाही. तरी मुद्दा राहतो: बाजार भाव साधारण बरोबर लावतो, फुकट काही ठेवत नाही. तुमचा फायदा तेव्हाच, जेव्हा शेअर प्रत्यक्षात ३५ पेक्षा कमी आयव्हीसारखा वागतो.

त्यात खर्च. कॉन्डोरला चार पाय आहेत. उघडताना चार ऑर्डर, बंद करताना चार. ऑर्डरमागे वीस रुपये दलाली धरली तरी आठ ऑर्डरचे १६०, त्यावर जीएसटी, विकलेल्या प्रीमियमवर एसटीटी (शेअर बाजारातल्या व्यवहारांवरचा कर), एक्स्चेंजचे शुल्क. हे दिसतात तरी. न दिसणारा खर्च मोठा असतो: लांबच्या स्ट्राइकवर घेणारा आणि विकणारा यांच्या भावात रुंद दरी असते. दर ऑर्डरला फक्त ५० पैसे हातचे गेले असं धरा. आठ वेळा, ५०० शेअर, म्हणजे २,००० रुपये. अर्धा नफा, म्हणजे ३,५००, मिळाल्यावर बाहेर पडायचा बेत असेल तर त्यातले निम्म्याहून जास्त इथेच जातात. म्हणून एसबीआय, आयसीआयसीआय, एचडीएफसी, ॲक्सिस यांसारख्या भरपूर उलाढालीच्या शेअरवर हा सौदा निदान राबवता येतो. उलाढाल कमी असलेल्या बँकेवर कागदावर सुंदर दिसतो आणि प्रत्यक्षात फसतो. मिळेल त्या भावाची मार्केट ऑर्डर टाकू नका, आपण ठरवलेल्या भावाची लिमिट ऑर्डरच टाका, आणि हेज आधी विकत घेऊन मग विका. मार्जिनही कमी लागतं आणि मध्येच अर्धवट अडकायची वेळ येत नाही.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात फ्युचर्स-ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात होते आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त होता. यात सगळ्या प्रकारचे सौदे आले. पण खर्चाचा हा वरचा हिशेब केला की हा आकडा इतका मोठा का, ते थोडं उलगडतं.

अस्थिर शेअरच्या दोन खास अडचणी

पहिली, बॅन पीरियड. एखाद्या शेअरमधल्या एकूण पोझिशन, म्हणजे सगळ्यांचे मिळून उघडे सौदे, बाजारव्यापी मर्यादेच्या ९५ टक्क्यांपुढे गेल्या की तो शेअर बॅनमध्ये जातो. मग धोका वाढवणारी नवीन पोझिशन घेता येत नाही, असलेला धोका फक्त कमी करता येतो. गाजणारे बँक शेअर या यादीत वरचेवर दिसतात. ‘शेअर ९४० ला गेला की पुटची बाजू वर सरकवीन’ अशी योजना तुम्ही आखली असेल आणि नेमक्या त्याच दिवशी शेअर बॅनमध्ये असेल तर ती राबवता येईलच असं नाही. म्हणून सुरुवातीलाच असा सौदा करावा, ज्यात मध्ये दुरुस्ती करता आली नाही तरी तोटा सोसता येईल.

दुसरी अडचण डिलिव्हरीची, आणि हिच्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. ऑक्टोबर २०१९ पासून आपल्याकडे सगळ्या शेअर ऑप्शनची एक्स्पायरीला प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन पूर्तता होते. निफ्टीसारखा रोखीत हिशेब मिटत नाही. समजा एक्स्पायरीला शेअर ९८० वर बंद झाला. तुम्ही विकलेला ९६० चा कॉल इन-द-मनी आहे, म्हणजे भाव स्ट्राइकच्या वर असल्याने तो बजावला जाणार; तुम्हाला ५०० शेअर ९६० ने द्यायचे आहेत: ४ लाख ८० हजारांचा व्यवहार. तुमचा १००० चा कॉल शून्य झाला आहे, तो इथे उपयोगाचा नाही. शेअर १०२० वर असता तर दोन्ही कॉल एकमेकांना कापून गेले असते आणि तोटा १३,००० वर थांबला असता. पण ९६० आणि १००० च्या मधल्या पट्ट्यात शेअर अडकला तर हेज असूनही डिलिव्हरी अंगावर येते. शेअर खात्यात नसतील तर तुमच्या वतीने ते लिलावात विकत घेण्याची वेळ येते आणि तिथला भाव तुमच्या हातात नसतो. पुटच्या बाजूला ८०० ते ८४० मध्ये अडकलात तर ५०० शेअर ८४० ने घ्यावे लागतील, ४ लाख २० हजारांची सोय हवी.

म्हणजे ‘जास्तीत जास्त तोटा १३,०००’ हे वाक्य एक्स्पायरीच्या आधी बाहेर पडणाऱ्यालाच पूर्ण लागू आहे. शेवटच्या दिवसांत आणखी एक गोष्ट होते: भाव स्ट्राइकजवळ असेल तर शेअर दहा रुपये हलला की ऑप्शन दुप्पट-निम्मा होतो. दिवसाकाठी मिळणारे दोन-चार रुपये आणि अंगावर येऊ शकणारी डिलिव्हरी यांचा मेळ बसत नाही. इन-द-मनी गेलेल्या ऑप्शनवर डिलिव्हरी मार्जिनही या दिवसांत टप्प्याटप्प्याने चढत जातं.

किती लॉट घ्यावेत? एका सौद्यात भांडवलाच्या दोन टक्क्यांपेक्षा जास्त गमवायचं नाही असं ठरवलं तर १३,००० च्या तोट्यासाठी भांडवल साडेसहा लाख हवं, आणि तेही एका लॉटसाठी. दोन लाख हाताशी असतील तर हा सौदा तुमच्यासाठी नाही. विंग जवळ आणून, म्हणजे ४० ऐवजी २० रुपयांचं अंतर ठेवून तोटा कमी करता येतो, पण मग प्रीमियम इतका कमी उरतो की वरचा खर्चच तो खाऊन टाकतो. एकाच महिन्यात तीन बँकांवर तीन कॉन्डोर केले म्हणजे धोका विभागला, असंही समजू नका. व्याजदर, रिझर्व्ह बँकेचा नियम किंवा परदेशी गुंतवणूकदारांची विक्री या गोष्टी सगळ्या बँकांना एकदमच हलवतात, आणि तेव्हा तिन्ही सौद्यांची एकच बाजू एकाच दिवशी तुटते. हिशेब करताना हे तिन्ही मिळून एकच सौदा धरा आणि दोन टक्क्यांची मर्यादा त्या एकूण रकमेला लावा.